एकाच डोसला दोन माणसांच्या पेशी वेगळ्या वागतात का, हे रक्तातून कसं तपासायचं

माझं काम गुणसूत्रं मोजण्याचं. रक्तातल्या पेशींना रेडिएशन द्यायचं आणि मग मायक्रोस्कोपखाली तुटलेली, भलत्याच तुकड्याशी जोडली गेलेली गुणसूत्रं शोधायची. प्रयोगशाळेत नव्याने येणारी मुलं एक प्रश्न हमखास विचारतात: अंतराळातलं रेडिएशन कोणाला जास्त बाधेल हे जनुकांवरून आधीच सांगता येईल का? प्रश्न अगदी योग्य आहे. मात्र तो घेऊन निघालेली बहुतेक जण सरळ जनुकांच्या यादीपाशी जातात, कोणाच्या कुठल्या जनुकात काय बदल आहे ते बघू लागतात आणि तिथेच अडकतात. बदल सापडतो, पण त्या बदलाने पेशीचं काय बिघडलं हे कोणी मोजलेलंच नसतं. म्हणून मी सांगते ती वाट उलटी आहे. आधी पेशीचं वागणं मोजा. दिसलेला फरक त्या माणसाचाच आहे, त्या दिवसाचा किंवा मोजणाऱ्याचा नाही, याची खात्री करा. जनुकं त्यानंतर.

पेशी वाढवण्याची सोय, रेडिएशन देण्याचं अधिकृत यंत्र, नैतिक समितीची मंजुरी आणि रक्तदात्यांची लेखी संमती एवढं हाताशी आहे असं धरून चालते. यातलं काही नसेल तरी वाचा. या विषयावरचा शोधनिबंध समोर आला की नेमकं कुठे बोट ठेवायचं ते कळेल.

आधी ठरवा: कशाला संवेदनशील?

एखाद्याला रेडिएशन जास्त बाधतं असं म्हणताना तीन वेगळ्या गोष्टी एकात मिसळल्या जातात. पहिली, ऊतींचं थेट नुकसान: रेडिओथेरपी चालू असताना एखाद्याची त्वचा इतरांपेक्षा फार होरपळते, ती ही. दुसरी, पुढे कधीतरी कर्करोग होण्याची शक्यता. तिसरी, वर्षानुवर्षं होत जाणारी झीज, जिच्यात मोतीबिंदू आणि रक्तवाहिन्यांचे विकार येतात. एका माणसात तिन्ही एकत्र वाढलेल्या असतील असं गृहीत धरू नका. बीआरसीए-वन जनुकात दोष असलेल्या स्त्रियांना स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका खूप जास्त असतो, पण त्यांच्या रक्तपेशी रेडिएशननंतर बऱ्याचदा इतरांसारख्याच दिसतात.

उंदरांमध्ये हे फार स्वच्छ दिसतं. सीबीए वाणाच्या उंदरांना रेडिएशननंतर एका प्रकारचा रक्ताचा कर्करोग होतो. सी-५७ ब्लॅक-६ वाणात तो क्वचितच दिसतो. बॅल्ब-सी वाणाच्या माद्यांना स्तनाच्या गाठी होतात, आणि त्याचा संबंध डीएनए दुरुस्त करणाऱ्या एका प्रथिनाच्या जनुकातल्या बदलाशी लागतो. मग यातला संवेदनशील वाण कोणता? कुठला आजार ते सांगितल्याशिवाय या प्रश्नाला उत्तर नाही. तुमच्या वहीच्या पहिल्या पानावर हेच लिहा: मी मोजतेय ती गोष्ट कोणती, आणि तिचा यातल्या कशाशी संबंध आहे असं मला वाटतं. रक्तपेशींवरून आपण मुख्यतः डीएनएच्या दुरुस्तीची क्षमता बघतो. ती तिन्हींच्या मुळाशी आहे, पण तिन्हींपैकी कशाचीही जागा ती घेऊ शकत नाही.

अंतराळातलं रेडिएशन आणि आपल्या यंत्रातलं रेडिएशन

प्रयोगशाळेत सहज मिळतात ते गॅमा किंवा क्ष-किरण. अंतराळात, पृथ्वीच्या चुंबकीय कवचाबाहेर, मारा असतो तो आकाशगंगेतून येणाऱ्या वेगवान अणुकेंद्रकांचा. त्यात सुमारे ८५ टक्के प्रोटॉन, साधारण १२ ते १४ टक्के हेलियम आणि जेमतेम १ टक्का त्याहून जड केंद्रकं, लोहापर्यंतची. हा १ टक्काच आमची झोप उडवतो. खोल अंतराळातल्या प्रवाशाच्या शरीरातल्या प्रत्येक पेशीच्या केंद्रकातून साधारण ३ दिवसांत एक प्रोटॉन, काही आठवड्यांत एक हेलियम आणि काही महिन्यांत एक जड कण जातो, असा हिशेब आहे. जड कणाचा विद्युतभार मोठा, म्हणून तो जाताना वाटेत भरमसाट ऊर्जा सांडतो. दर मायक्रोमीटरला किती ऊर्जा सांडली या मापाला एलईटी म्हणतात. कोबाल्टच्या गॅमा किरणांसाठी ती ०.२ ते ०.३ केईव्हीच्या (किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या) घरात येते; १ जीईव्ही प्रति न्यूक्लिऑन (म्हणजे केंद्रकातल्या दर प्रोटॉन-न्यूट्रॉनमागे १०० कोटी इलेक्ट्रॉनव्होल्ट) ऊर्जेच्या लोहकणासाठी १५० च्या आसपास.

डोसचे आकडेही माहीत हवेत, नाहीतर आपण नळीत देतोय तो डोस आणि प्रवाशाला मिळणारा डोस यांची सांगड लागत नाही. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर सहा महिन्यांत साधारण ८० ते १६० मिलिसिव्हर्ट (शरीरावरचा परिणाम धरून मोजलेल्या डोसचं एकक) मिळतात. क्युरिऑसिटी यानातल्या मोजणीनुसार मंगळाच्या वाटेवर दिवसाला सुमारे १.८ मिलिसिव्हर्ट होते. जाण्यायेण्याचा प्रवासच जवळपास ६६० मिलिसिव्हर्टचा झाला, मंगळावरचा मुक्काम वेगळा. नासाने २०२२ मध्ये संपूर्ण कारकिर्दीसाठी ६०० मिलिसिव्हर्टची मर्यादा ठरवली, वय आणि लिंग काहीही असलं तरी सगळ्यांना एकच. म्हणजे मर्यादा सगळ्यांना एकच आहे आणि प्रवास एका विशिष्ट माणसाचा. आपलं सगळं काम या दोहोंमधल्या अंतराबद्दल आहे.

सुई टोचण्याआधी

संवेदनशीलतेचा अभ्यास फसतो तो बहुधा रक्त काढायच्या आधीच. कारण सगळ्यांचं लक्ष किती दाते घ्यायचे याकडे असतं. मी आधी विचारते: एका दात्याचं रक्त किती वेळा घेणार?

समजा १० जणांचं रक्त एकेकदा घेतलं आणि त्यांच्यात फरक दिसला. हा फरक माणसामाणसातला आहे की त्याच माणसाचं रक्त पुढच्या महिन्यात घेतलं असतं तरी एवढाच फरक आला असता? एकदाच घेतलेल्या रक्तावरून हे कळायचा काही मार्ग नाही. प्रत्येक दात्याचं रक्त काही आठवड्यांच्या अंतराने किमान तीनदा घ्या. दाते कमी झाले तरी चालतील. एकाच माणसाच्या तीन मोजण्यांमधला फरक आणि वेगवेगळ्या माणसांमधला फरक शेजारी शेजारी ठेवा. दुसरा पहिल्याहून ठळकपणे मोठा असेल तरच व्यक्तिगत संवेदनशीलता हा शब्द वापरायचा.

प्रत्येक फेरीत एक कायमचा दाता ठेवा, ज्याचं रक्त दर वेळी नव्या दात्यांबरोबर त्याच यंत्रात, त्याच रंगात, त्याच दिवशी जाईल. त्याचे आकडे हलले तर त्या दिवशी प्रयोगाचंच काहीतरी हललंय हे कळतं. माझ्या मते यावर वाचवलेला खर्च पुढे सगळ्यात महाग पडतो.

नळ्यांवर नाव नको, सांकेतिक क्रमांक हवा, आणि क्रमांकांची किल्ली मोजणाऱ्यापाशी नको. मोजणाऱ्याला दाता कोण आणि डोस किती, दोन्ही कळता कामा नये. ही स्लाइड रेडिओथेरपीत त्रास झालेल्या रुग्णाची आहे हे माहीत असलं की डोळा संशयास्पद तुकडेही मोजू लागतो. अनुभवी डोळाही.

दात्याकडून विचारून घ्यायचं: वय, तंबाखू, गेल्या काही आठवड्यांतला ताप किंवा विषाणूचा संसर्ग, औषधं, सीटी स्कॅनसारख्या तपासण्या, रेडिएशनशी संबंधित नोकरी. यातली प्रत्येक गोष्ट पेशींच्या मूळ आकड्यांवर परिणाम करू शकते.

नळी आणि डोस

रक्त लिथियम हेपारिनच्या नळीत घ्या. ईडीटीएच्या नळीतलं रक्त पेशी वाढवायच्या कामाला बरं नाही. खोलीच्या तापमानाला ठेवा, फ्रिजमध्ये नको, आणि शक्यतो त्याच दिवशी वापरा. सगळ्या दात्यांच्या बाबतीत रक्त काढल्यापासून रेडिएशन देईपर्यंतचा वेळ सारखा ठेवा.

प्रत्येक दात्याची एक नळी शून्य डोसची. तीही यंत्रापर्यंत न्यायची, तेवढाच वेळ बाहेर ठेवायची, फक्त रेडिएशन द्यायचं नाही. काहींच्या पेशींमध्ये मुळातच जास्त नुकसान असतं. ते वजा केल्याशिवाय रेडिएशनचा वाटा कळत नाही. आणि वजा करून फेकूनही देऊ नका, कारण हा मूळ आकडा स्वतःच त्या माणसाबद्दल काही सांगत असतो. बाकी डोस गॅमासाठी ०.५, १ आणि २ ग्रे (दर किलोग्रॅममागे शोषलेल्या ऊर्जेचं एकक) असे पुरतात. डोस दिल्यावर गुणसूत्रांच्या मोजणीसाठीच्या नळ्या ३७ अंश सेल्सिअसला २ तास ठेवायच्या, म्हणजे दुरुस्ती होऊन जाते, आणि मगच पुढची वाढ सुरू करायची.

ठिपके: दुरुस्तीचा वेग

डीएनएचे दोन्ही पदर एकाच जागी तुटले की तुटीच्या आजूबाजूच्या एच-टू-एएक्स नावाच्या प्रथिनावर फॉस्फेट चढतो. १९९८ मध्ये हे कळलं आणि आमचं काम बदलून गेलं, कारण या बदललेल्या प्रथिनाला चिकटणारी चमकती प्रतिपिंडं वापरली की प्रत्येक तुटीच्या जागी अंधारात एक ठिपका दिसतो. १ ग्रे गॅमाला एका पेशीत साधारण ३० ते ४० दुहेरी तुटी होतात. लिम्फोसाइटच्या, म्हणजे आपण मोजतो त्या पांढऱ्या रक्तपेशीच्या, लहानशा केंद्रकात ठिपके एकमेकांवर येतात आणि मोजणी त्याहून बरीच कमी भरते. म्हणून ठिपक्यांच्या आकड्याची पुस्तकातल्या आकड्याशी तुलना करत बसू नका. आपल्याच शून्य डोसशी करा.

रेडिएशननंतर अर्ध्या तासाने, ४ तासांनी आणि २४ तासांनी असे पेशींचे तीन नमुने पक्के करा, म्हणजे रसायनाने आहे त्या स्थितीत थांबवा. अर्ध्या तासाचा आकडा किती तुटलं ते सांगतो, आणि त्यात माणसामाणसात फार फरक नसतो. नजर ठेवायची ती २४ तासांवर. निरोगी माणसाच्या पेशी तोपर्यंत बहुतेक तुटी सांधून मोकळ्या झालेल्या असतात. ज्याच्या पेशीत तेव्हाही ठिपके रेंगाळलेले असतात, त्याच्या दुरुस्तीत काहीतरी संथ आहे. शक्य असेल तर ५३-बीपी-१ या दुसऱ्या प्रथिनाचा वेगळा रंग लावा आणि दोन्ही रंग एकाच जागी आले तरच ठिपका धरा. मरणाऱ्या पेशीत पहिलं प्रथिन सगळीकडे चमकतं. अशा पूर्ण उजळलेल्या पेशी बाजूला काढा आणि किती काढल्या तेही लिहा.

सॉफ्टवेअरने मोजत असाल तर उजेडाची किमान पातळी पहिल्या दिवशी ठरवा आणि अख्ख्या अभ्यासात ती हलवू नका. प्रत्येक दात्यासाठी ती थोडी सरकवली की हवा तो निकाल काढता येतो. करणाऱ्याला कळतही नाही.

गुणसूत्रं: काय चुकीचं जुळलं

ठिपके दुरुस्ती किती झाली ते सांगतात, बरोबर झाली का ते सांगत नाहीत. त्यासाठी डायसेंट्रिक, म्हणजे चुकीच्या जोडणीतून तयार झालेली गुणसूत्रं, मोजायची, आणि मला स्वतःला याच मोजणीवर सगळ्यात जास्त विश्वास आहे.

०.५ मिलिलिटर रक्त, साडेचार मिलिलिटर माध्यम, त्यात सीरम आणि पीएचए. पीएचएमुळे झोपलेले लिम्फोसाइट विभाजनाला लागतात. ३७ अंशांना एकूण ४८ तास. शेवटच्या २-३ तासांत कोल्सेमिड घालायचं, म्हणजे विभाजन मेटाफेजला, गुणसूत्रं सुटी आणि ठळक दिसतात त्या टप्प्याला, थांबतं. मग ०.०७५ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये १० ते १५ मिनिटं, पेशी फुगतात. त्यानंतर तीन भाग मिथेनॉल आणि एक भाग ॲसेटिक आम्ल, दोन-तीनदा बदलून. थंड ओल्या स्लाइडवर थेंब सोडा, वाळू द्या, गिम्सा रंग लावा.

आता १०० च्या भिंगाखाली तेलाचा थेंब टाकून एक पेशी बघू. जांभळी गुणसूत्रं पसरलेली आहेत. प्रत्येकाला एक बारीक कंबर असते, तो सेंट्रोमियर. मोजत जा: ४६ तुकडे भरायला हवेत. मध्येच एक लांबट गुणसूत्र दिसतं ज्याला दोन कमरा आहेत. इथे लगेच मोजणीचं बटण दाबू नका. शेजारी कुठेतरी कंबर नसलेला, दोन समांतर काड्यांसारखा तुकडा सापडतो का बघा. दोन गुणसूत्रं तुटली, कमरेवाली टोकं एकमेकांना जोडली गेली, उरलेली दोन टोकं मिळून हा बिनकमरेचा तुकडा झाला. दोन कमरांचं एक, तुकडा एक आणि बाकीची ४४, मिळून पुन्हा ४६. हिशेब जमला तर तो खरा डायसेंट्रिक. तुकडा नसेल तर बहुधा दोन गुणसूत्रं एकमेकांवर आडवी पडली आहेत, किंवा ही पेशी दुसऱ्यांदा विभागतेय आणि तुकडा पहिल्या विभाजनात हरवला. अशा पेशी धरायच्या नाहीत. पेशी पहिल्याच विभाजनातली आहे याची खात्री ब्रोमोडीऑक्सियुरिडीन वापरून करता येते. संथ दुरुस्तीच्या पेशी उशिरा विभागतात, त्यामुळे संवेदनशीलतेच्या अभ्यासात ही खात्री मी टाळू देत नाही. ठरलेल्या ४८ तासांनी पाहताना संवेदनशील दात्याच्या सगळ्यात बिघडलेल्या पेशी मेटाफेजला पोचलेल्याच नसतात आणि तो दाता चांगला दिसतो.

आता आकडेमोड, आणि इथे घाई नको. रेडिएशन न मिळालेल्या माणसात १,००० पेशींमागे साधारण १ डायसेंट्रिक सापडतो. १ ग्रे गॅमानंतर १,००० पेशींत ८० ते १०० सापडू शकतात. समजा एका दात्याचे ८० आले, दुसऱ्याचे १००. चौथाईने जास्त! नवखा माणूस इथेच दुसऱ्याला संवेदनशील ठरवून मोकळा होतो. पण अशा मोजणीत ८० च्या आकड्याला ९ ची आणि १०० ला १० ची अनिश्चितता (साधारण आकड्याच्या वर्गमुळाएवढी) असतेच; दोघांच्या फरकाची अनिश्चितता साधारण १३ येते. फरक २०. म्हणजे अनिश्चिततेच्या दीडपट, आणि एवढा फरक एकाच माणसाच्या दोन स्लाइडमध्येही सहज येतो. तेच ३,००० पेशी मोजल्या आणि २४० विरुद्ध ३०० आले तर फरक ६० आणि अनिश्चितता २३ च्या आसपास; आता अडीचपटीहून जास्त, बोलायला जागा आहे. आणि २० दाते असतील तर त्यातला एखादा निव्वळ योगायोगाने टोकाला दिसणारच, हेही हिशेबात धरा. किती पेशी मोजायच्या हे रक्त घेण्याआधी कागदावर ठरवा, मोजता मोजता नाही.

जड कणांकडे जाताना

गॅमावर लावलेली दात्यांची क्रमवारी लोहकणांवर तशीच राहील का? विषयाचा गाभा हाच आहे, आणि बातम्यांमध्ये तो बहुतेक वेळा गाळला जातो. जड कणांचा मारा करण्याची सोय जगात मोजक्या ठिकाणी आहे: अमेरिकेत ब्रुकहेवनची नासा स्पेस रेडिएशन लॅबोरेटरी २००३ पासून चालू आहे, जर्मनीत डार्मश्टाटला जीएसआय, जपानमध्ये चिबाला हायमॅक. किरणवेळ मर्यादित असतो, तेव्हा तयारी करूनच जा.

पहिली तयारी डोक्यात करायची. दर चौरस सेंटीमीटरला १० लाख लोहकण, प्रत्येकाची एलईटी १५०, असा मारा केला तर डोस होतो सुमारे ०.२४ ग्रे. म्हणजे १०० चौरस मायक्रोमीटरला सरासरी एक कण. फायब्रोब्लास्ट या जोडऊतीतल्या पेशीचं केंद्रक साधारण एवढं धरलं तर ३७ टक्के केंद्रकांतून एकही कण जात नाही, ३७ टक्क्यांतून एक जातो आणि उरलेल्या २६ टक्क्यांतून दोन किंवा जास्त. लिम्फोसाइटचं केंद्रक याच्या निम्म्याच्या आसपास, त्यामुळे तिथे सहा दशांशाहून जास्त पेशी थेट माऱ्यातून सुटतात. गॅमाचा ०.२४ ग्रे हा अंगणात सगळीकडे सारखा पडलेला पाऊस. इथे मात्र काही पेशी कोरड्या आणि काही चिंब. म्हणून इथे सरासरी सांगून थांबू नका. प्रत्येक पेशीत किती डायसेंट्रिक, याचं पूर्ण वाटप मांडा. विचरणाला (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्या मापाला) सरासरीने भागा: गॅमासाठी उत्तर १ च्या जवळ येतं, जड कणांसाठी १ हून जास्त. ते १ च्या जवळच आलं तर डोसच्या मोजणीवर आधी शंका घ्या.

ठिपके इथे वेगळे दिसतात: मोठे, एकमेकांत मिसळलेले, आणि कण केंद्रकातून आडवा गेला असेल तर एका रेषेत ओवलेले. एका ठिपक्यात अनेक तुटी असतात, त्यामुळे संख्या फसवते. ठिपक्याचं आकारमान आणि २४ तासांनी उरलेले ठिपके, दोन्ही नोंदवा.

आणि आता माणसामाणसातला फरक. ज्या पेशींत तुटीची टोकं जोडणारी मुख्य यंत्रणाच मोडलेली आहे, त्यांना गॅमा आणि जड कण जवळपास सारखेच घातक ठरतात. निरोगी पेशींना जड कण कितीतरी जास्त घातक. कारण उघड आहे: जड कणाने केलेली गुंतागुंतीची तूट निरोगी पेशीलाही धड सांधता येत नाही, त्यामुळे चांगल्या दुरुस्तीचा जो फायदा गॅमासमोर दिसतो तो इथे आक्रसतो. यावरून दात्यांमधला फरक लोहकणांसमोर कमी दिसेल अशी अपेक्षा निघते. दुसरीकडे, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मुद्दाम जनुकीय वैविध्य ठेवलेल्या सुमारे १,८५० उंदरांवरच्या अभ्यासात, गॅमामुळे आणि जड कणांमुळे होणाऱ्या गाठींमागची जनुकीय पार्श्वभूमी बरीचशी सामाईक निघाली. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो, कारण तो खरा असेल तर पृथ्वीवरच्या रेडिएशनबद्दल साठलेलं ज्ञान अंतराळासाठीही कामी येतं. पण तो आजाराच्या प्रकारानुसार तपासायलाच हवा. सीबीए उंदरांत लोहकणांनी रक्ताचा कर्करोग गॅमाच्या तुलनेत फारसा वाढवला नाही, यकृताचा मात्र कितीतरी पटीने वाढवला.

म्हणून करायचं हे: गॅमावर टोकाला आलेले काही दाते आणि मधले काही दाते, दोन्ही गट घेऊन जड कणांकडे जा. फक्त टोकाचे घेऊन जाणं हा सोपा मोह आहे, त्यातून क्रमवारी टिकली की नाही ते कळत नाही.

आता जनुकं

एवढं झाल्यावर जनुकांकडे वळा. ठळक उदाहरण डीएनए तुटल्यावर दुरुस्तीचा इशारा देणाऱ्या एटीएम जनुकाचं. दोन्ही प्रती बिघडलेल्या मुलांना ॲटॅक्सिया-तेलँजिएक्टेशिया होतो, आणि त्यांच्या पेशी किरणांसमोर विलक्षण कच्च्या असतात हे १९७५ मध्ये प्रयोगशाळेत दिसलं. जनुक हाती लागलं १९९५ मध्ये. एनबीएन आणि लिग-४ जनुकांतल्या दोषांचंही असंच. हे आजार दुर्मिळ आहेत आणि असा माणूस अंतराळवीर म्हणून निवडला जाणार नाही. अंतराळासाठी महत्त्वाचे ते एकच प्रत बिघडलेले, वरवर पूर्ण निरोगी लोक: एटीएमच्या बाबतीत लोकसंख्येच्या सुमारे १ टक्का. त्यांच्या पेशींचे आकडे सरासरीने मधले येतात, पण निरोगी माणसांच्या पट्ट्यात मिसळून जातात. एटीएमची एकच चांगली प्रत असलेल्या उंदरांना किरणांमुळे मोतीबिंदू लवकर होतो हे २००२ मध्ये दाखवलं गेलं. त्याच्या आदल्याच वर्षी २९५ अंतराळवीरांच्या नोंदींमधून, डोळ्याच्या भिंगाला ८ मिलिसिव्हर्टहून जास्त डोस मिळालेल्यांत मोतीबिंदूचा धोका वाढलेला दिसला होता. हे दोन निकाल शेजारी ठेवले की पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो: एटीएमची एक प्रत बिघडलेल्या अंतराळवीराला हा धोका आणखी जास्त असेल का?

तुमच्या टोकाच्या दात्यांत आधी डीएनए दुरुस्तीच्या ओळखीच्या जनुकांतले मोठे बिघाड शोधा. अख्ख्या जनुकसंचातले लाखो लहान बदल ३०-४० दात्यांमध्ये चाळत बसू नका. असा शोध घेताना एखादा बदल खरा मानायला ५ गुणिले १० चा उणे ८ वा घात इतकी कडक कसोटी लावतात. ३०-४० दात्यांचा अभ्यास तिथवर पोचूच शकत नाही, आणि कसोटी सैल केली तर हाती निव्वळ योगायोग लागतात. सामान्य लोकांमधला फरक बहुधा अनेक जनुकांच्या छोट्या छोट्या वाट्यांतून येतो. त्यासाठी मोठे, अनेक केंद्रांचे अभ्यास लागतात. तुमची नीट केलेली मोजणी अशा अभ्यासात घाला.

इथे एक गैरसमज दूर करते. अमेरिकी अंतराळवीर स्कॉट केली ३४० दिवस अंतराळ स्थानकावर राहिले, त्यांचे जुळे भाऊ मार्क पृथ्वीवर होते, आणि २०१९ मध्ये त्या दोघांच्या तुलनेचे निकाल आले. जनुकीय संवेदनशीलतेबद्दल बोलताना लोक हा अभ्यास पुढे करतात. पण एकसारख्या जुळ्यांची जनुकं एकच असतात. तो अभ्यास मुद्दाम जनुकांचा फरक काढून टाकून अंतराळाचा परिणाम बघतो. कोणाची जनुकं जास्त सोशिक, याचं उत्तर तिथे असूच शकत नाही.

अंतराळवीरांच्या बाबतीत मला सगळ्यात पटलेली पद्धत वेगळी आहे, आणि ती वापरातही आहे: उड्डाणाआधी त्या व्यक्तीचं रक्त घेऊन नळीत गॅमाचे वेगवेगळे डोस द्यायचे, तिच्याच पेशींची डोस आणि बिघाड यांची रेघ काढायची, आणि परत आल्यावर तिच्या रक्तातला बिघाड त्या रेघेवर ठेवायचा. तुलना स्वतःची स्वतःशी. यात जनुकांची नावं न घेताही त्यांचा परिणाम मोजला जातो.

निकाल कोणाच्या हातात

अमेरिकेत २००८ च्या कायद्याने जनुकीय माहितीवरून नोकरीत भेदभाव करायला मनाई आहे, त्यामुळे अशा चाचणीवरून तिथे कोणाला अंतराळवीर म्हणून नाकारता येत नाही. मला हे योग्य वाटतं. आजच्या घडीला आमच्या मोजणीत एवढा दम नाही की तिच्यावरून कोणाचं आयुष्याचं स्वप्न मोडावं. तिचा उपयोग त्या व्यक्तीसाठी व्हावा: परतल्यावर डोळ्यांची तपासणी किती वेळा, कुठल्या अवयवावर लक्ष जास्त, हे ठरवायला.

अंतराळात गेलेली माणसं काही शेच आहेत. त्यांचे निकाल छापताना वय, मोहिमेचा कालावधी आणि लिंग एवढं दिलं तरी माणूस ओळखता येतो. म्हणून गट करून आकडे द्या, आणि गट फार लहान होत असेल तर देऊच नका.

तुमच्या साध्या रक्तदात्यांच्या बाबतीतही संमतिपत्रातच ठरवून घ्या की एटीएमसारखा आजाराशी निगडित दोष सापडला तर त्यांना कळवायचं का. हो म्हणाले तर जनुकीय समुपदेशकाचं नाव तेव्हाच ठरलेलं असावं. पेशींच्या मोजणीचा निकाल कोणी मागितला तर मी लेखी देते, आणि त्यात एवढंच असतं: तुमच्या पेशींनी या डोसला, या चाचणीत, तीन वेळा असा असा प्रतिसाद दिला, इतर दात्यांचे आकडे या पट्ट्यात होते, यावरून तुम्हाला पुढे कुठला आजार होईल किंवा होणार नाही, हे सांगता येत नाही. रेडिओथेरपी घ्यायची वेळ आली तर हा कागद डॉक्टरांना दाखवा आणि माझ्याशी बोलायला सांगा.